जलजीवालय, घरगुती

जलचर प्राणी व पाणवनस्पती जिवंत ठेवून त्यांचे निरीक्षण करण्यासाठी राहत्या घरात मांडलेल्या, निदान एक बाजू पारदर्शक असलेल्या पाण्याच्या टाकीस घरगुती जलजीवालय म्हणतात. व्यवहारात ‘मत्स्यालय’ व ‘फिश टँक’ हे शब्दही रूढ आहेत. या टाक्या टेबलावरील दहावीस लिटरच्या पात्रापासून हजार लिटरांहून अधिक पाणी सामावणाऱ्या, संपूर्ण भिंत व्यापणाऱ्या मांडणीपर्यंत निरनिराळ्या आकारमानाच्या असतात. या छंदाच्या इतिहासात दोन प्रश्न सतत पुढे आलेले दिसतात : पाण्याचे वजन कशाने पेलावयाचे आणि त्या पाण्यातील जीवन कशाच्या आधाराने टिकवावयाचे. टाकी जसजशी मोठी होत गेली, तसतसा या दोन्ही आधारांचा व्याप वाढत गेला. टाकी एकदा नीट मांडली म्हणजे ती आपोआप चालू राहते, हा समज मात्र तीन शतकांहून अधिक काळ टिकून राहिला व त्याची किंमत प्रामुख्याने टाकीतील प्राण्यांना द्यावी लागली.

पूर्वेतिहास : प्राचीन रोममधील धनिक आपल्या समुद्रकाठच्या वाड्यांना जोडून मत्स्यतलाव बांधीत. या तलावांना समुद्राचे पाणी येण्याजाण्याचे मार्ग ठेवलेले असल्याने त्यातील जीवनाचा आधार समुद्रच होता. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) सोनमाशाची पद्धतशीर पैदास सुरू झाली. पुढे मिंग काळात हे मासे तलावांतून मातीच्या व चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत व तेथून घरात आले. ही भांडी अपारदर्शक असल्याने मासे वरूनच पाहावे लागत. फुगीर डोळे, दुहेरी शेपटी व आखूड शरीर ही पाठीच्या बाजूने उठून दिसणारी लक्षणे चिनी पैदासकारांनी निवडली, यामागे हेही एक कारण होते.

सतराव्या शतकात सोनमासा यूरोपात पोहोचला. लंडनमधील दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस यांनी १६६५ मध्ये काचपात्रातील पाण्यात ठेवलेले परदेशी मासे पाहिल्याची नोंद केली असून असे मासे त्या पात्रात कायम जगतात, असा त्यांचा समज झाला होता. लहान पात्रातील मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थोड्याच वेळात वापरून टाकतो व स्वतःच्या उत्सर्गाने ते पाणी दूषित करतो, याचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते.

समतोलाची कल्पना : ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१-७२ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत मेणबत्ती जळल्यामुळे बिघडलेली हवा वनस्पतीच्या सान्निध्यात पुन्हा सुधारते असे दिसून आले. या क्रियेस सूर्यप्रकाश आवश्यक असतो, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) यांना १८२९ मध्ये बंद बाटलीतील ओलसर मातीत नेचे वाढत असल्याचे आढळले. त्यातून निघालेली ‘वॉर्डची पेटी’ दूर देशीच्या वनस्पती जहाजातून आणण्यासाठी वापरात आली. झाडे बंद पेटीत वाढू शकतात, तर मासे व पाणवनस्पती एकत्र का राहू नयेत, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

या सुमारास समुद्री प्राणी घरात ठेवण्याचे प्रयत्न स्वतंत्रपणे चालू होते. सिसिलीतील मेसीना येथे राहणाऱ्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ झान व्हीलप्रू-पॉवर (१७९४–१८७१) यांनी आर्गोनॉट या अष्टपाद मृदुकाय प्राण्याच्या अभ्यासासाठी १८३२ मध्ये काचेच्या टाक्या तयार करविल्या. आर्गोनॉट आपले कवच दुसऱ्या प्राण्याकडून घेत नसून स्वतःच तयार करतो, हे त्यांनी या टाक्यांतील निरीक्षणावरून सिद्ध केले. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलियल (१७७५–१८५१) यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत ठेवले. त्याचे पाणी नियमितपणे बदलले जाई. ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी या नावाने प्रसिद्ध झालेला हा प्राणी डॅलियल यांच्या मृत्यूनंतरही एकाकडून दुसऱ्या सांभाळकर्त्याकडे जात राहिला व १८८७ मध्ये मेला.

ॲना थिन (१८०६–६६) यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी आणले. समुद्राचे पाणी लंडनमध्ये पुरेसे मिळत नसल्याने तेच पाणी पुन्हा वापरता यावे म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ते अर्धापाऊण तास ओतीत राही. अशा रीतीने हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळे. पुढे पंप जे काम करू लागले, ते येथे मनुष्याच्या हातांनी होत होते. घरगुती जलजीवालयाच्या इतिहासात या कामाचा उल्लेख क्वचितच केला जातो.

अशा नित्याच्या कष्टावाचून चालणारी टाकी तयार करण्याचे श्रेय रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या रसायनशास्त्रज्ञांना देण्यात येते. त्यांनी १८४९ मध्ये सु. ५५ लि. मापाच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही काळाने वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, म्हणून त्यांनी पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी स्वच्छ झाले. मासे कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतात व गोगलगायी सफाई करतात, हा त्यांचा निष्कर्ष १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता व त्यातील निरीक्षणेही बरोबर होती. तथापि त्यावरून प्राणी व वनस्पती यांचे योग्य प्रमाण जमले की टाकी स्वावलंबी होते, अशी समजूत पसरली व ‘समतोल जलजीवालय’ हा पुढील शंभर वर्षांचा मूलमंत्र होऊन बसला.

छंदाची लाट : ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात मे १८५३ मध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडण्यात आले. त्याच्या उभारणीशी संबंधित असलेले निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) यांचा द ॲक्वेरियम हा सचित्र ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही प्रसिद्ध केली. जर्मनीत एमिल आडोल्फ रोसमेस्लर (१८०६–६७) यांनी १८५६ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकातील लेखाने गोड्या पाण्याच्या जलजीवालयाची आवड निर्माण केली.

या काळातील दिवाणखान्यातील टाकी म्हणजे पाटीच्या दगडाचा तळ, बिडाची किंवा लोखंडाची चौकट व तीत पुट्टीने बसविलेल्या काचा अशी जड रचना असे. ती सामान्यतः खिडकीपाशी ठेवीत. वनस्पतींना प्रकाश मिळावा हा त्यामागील हेतू होता, परंतु उन्हाने पाणी तापे व शेवाळाने हिरवे होई. पाणी जसे तापते तसा त्यात कमी ऑक्सिजन विरघळतो : गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये २०° से. तापमानास सु. ९ मिग्रॅ., तर ३०° से. तापमानास सु. ७·५ मिग्रॅ. ऑक्सिजन सामावतो. म्हणजे प्राण्यांची ऑक्सिजनची गरज वाढते नेमकी त्याच वेळी पुरवठा घटतो. त्यातच हौसेपोटी टाकीत प्राण्यांची गर्दी केली जाई. परिणामी असंख्य टाक्यांतील प्राणी अल्पावधीत मेले. दहापैकी नऊ टाक्या टाकून दिल्या गेल्या असाव्यात, अशा अर्थाचे मत जे. जी. वुड या समकालीन लेखकाने १८६८ मध्ये व्यक्त केले आहे.

या लाटेचे परिणाम घराबाहेरही झाले. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरील खडकांतील डबकी हौशी संग्राहकांनी अक्षरशः रिती केली. गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी फादर अँड सन (१९०७) या आपल्या आत्मवृत्तपर ग्रंथात वडिलांच्या पुस्तकांमुळे ओढवलेल्या या नाशाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

अपयशाच्या याच काळात कोणते प्राणी टिकतात, याचाही अनुभव मिळाला. पॅरिसमधील प्येर कार्बोन्ये यांना १८६९ मध्ये चीनमधून आलेले पॅरडाइज मासे मिळाले व त्यांची त्यांनी टाकीत पैदास केली. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतील ऑक्सिजन घेऊ शकतो. साहजिकच हवा न घातलेल्या टाकीतही तो तगून राही. उष्ण कटिबंधातील मासे घरी पाळण्याची सुरुवात अशा काटक जातींपासून झाली.

फिरते पाणी : घरगुती टाक्या अयशस्वी होत असताना मोठ्या सार्वजनिक जलजीवालयांत निराळी पद्धत आकारास आली. लंडनमधील जलजीवालय-साहित्याचे व्यापारी विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी हँबर्ग (१८६४) व लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील जलजीवालयांची व्यवस्था केली. प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी खाली अंधाऱ्या हौदात साठवावयाचे व ते पंपाने सतत फिरवावयाचे, हे त्यांचे मुख्य तत्त्व होते. अंधारामुळे पाण्यात शेवाळ वाढत नसे, मोठ्या साठ्यामुळे तापमानात एकदम फरक पडत नसे आणि टाकीत परत पडताना पाण्यात हवा मिसळे. प्रेक्षकांना दिसणारी टाकी ही संपूर्ण व्यवस्थेचा लहानसा भाग असते, ही जाणीव येथे प्रथम स्पष्ट झाली. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे मुंबईकरांना काचेआडच्या जलसृष्टीचा परिचय झाला. अशा प्रत्येक सार्वजनिक मत्स्यालयात दर्शनी काचेमागे पंप, गाळण्या व साठवण हौद यांचे मोठे जाळे असते. घरात मोठी टाकी मांडणाऱ्यास हीच व्यवस्था लहान प्रमाणावर उभारावी लागते.

अदृश्य घटक : वॉरिंग्टन यांच्या विवेचनात एक दुवा निसटलेला होता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो व तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. तेओफील श्लेझिंग व आशील म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये सांडपाणी वाळूच्या थरातून सावकाश झिरपू दिले असता त्यातील अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर होते व हे कार्य सजीवांचे असते, असे दाखविले. वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) यांनी इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात या क्रियेचा अभ्यास करून ती दोन टप्प्यांत होते, असे सिद्ध केले : प्रथम अमोनियापासून नायट्राइट व नंतर नायट्राइटापासून नायट्रेट. हे कार्य करणारे सूक्ष्मजंतू अलग करण्यात रशियन शास्त्रज्ञ स्यिर्ग्येई व्हिनोग्राडस्की यांना १८९० च्या सुमारास यश आले. पित्याने मांडलेल्या समतोलातील उणीव भरून काढणारे संशोधन अशा रीतीने पुत्राकडून झाले. मात्र ते शेतजमिनीच्या संदर्भात झाल्याने जलजीवालयाच्या छंदात त्याचा उपयोग होण्यास बराच काळ जावा लागला.

न्यूयॉर्क येथील मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये समतोल जलजीवालय ही एक दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले. टाकीतील बहुतेक ऑक्सिजन वनस्पतींकडून येत नसून पाण्याच्या पृष्ठभागातून हवेशी होणाऱ्या वायूंच्या देवघेवीतून येतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे टाकीची क्षमता ठरविताना पाण्याच्या घनफळाबरोबर पृष्ठभागाचे क्षेत्रफळही विचारात घेऊ लागले. उंच व अरुंद टाकीपेक्षा तेवढ्याच पाण्याची पसरट टाकी माशांना मानवते, ती याच कारणाने. विसाव्या शतकाच्या मध्यास तळातील खडीखाली सच्छिद्र पत्रा बसवून खडीतून पाणी खेचण्याची पद्धत लोकप्रिय झाली. खडीच्या प्रत्येक कणावर नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंचा थर बसत असल्याने तळ हीच एक जिवंत गाळणी बनली. या सूक्ष्मजीवांविषयीचे ज्ञान अद्याप वाढतच आहे. अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारा आर्किया गटातील नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव २००५ मध्ये प्रथम अलग करण्यात आला, तो सिॲटल येथील जलजीवालयाच्या एका टाकीतून.

काच व चौकट : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिडाची जागा कोनी लोखंडाच्या व पुढे अगंज पोलादाच्या चौकटीने घेतली. तथापि खाऱ्या पाण्यात लोखंड गंजे व पुट्टी कालांतराने कोरडी पडून टाकी गळू लागे. १९६० नंतर सिलिकोन रबराचा सांधा प्रचारात आला व चौकटीवाचून केवळ काचेला काच चिकटवून टाकी करणे शक्य झाले. खाऱ्या पाण्याचा सिलिकोनवर परिणाम होत नाही व त्यातून विषारी धातू पाण्यात उतरत नाहीत. समुद्री प्राणी सामान्य घरात पाळणे या एका बदलाने पुष्कळच सुकर झाले. त्याहून मोठ्या टाक्यांसाठी ॲक्रिलिकचे तक्ते वापरतात. ते काचेच्या सु. निम्म्या वजनाचे असून आघाताने सहसा फुटत नाहीत, मात्र त्यांवर लवकर चरे पडतात.

काचेची जाडी टाकीत किती पाणी आहे यापेक्षा ते किती खोल आहे यावर प्रामुख्याने अवलंबून असते, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. ६० सेंमी. खोलीस तो दर चौ. मी.ला सु. ६०० किग्रॅ. भाराइतका असतो. १८० सेंमी. लांब व ६० सेंमी. उंच काचेवर सर्व मिळून सु. ३२० किग्रॅ.चा रेटा पडतो. खोली ४५ सेंमी.वरून ६० सेंमी. केली, तर हा रेटा सु. पावणेदोन पट होतो. लांब काच मध्यभागी फुगू नये म्हणून वरच्या काठाशी काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवितात.

प्रवाळांची टाकी : प्रवाळ व त्यांच्या सान्निध्यातील नाजूक प्राणी पाळणे हा घरगुती जलजीवालयाचा सर्वांत खर्चिक व सर्वांत अधिक आधार लागणारा प्रकार होय. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात समुद्रातून आणलेले, सूक्ष्मजीवांनी व लहान प्राण्यांनी भरलेले सच्छिद्र खडक टाकीत ठेवण्याची पद्धत वर्णिली. गाळणीचे काम हे ‘जिवंत खडक’च करीत. स्वच्छ समुद्रजल व भरपूर सूर्यप्रकाश त्यांना घराजवळ उपलब्ध होता. समुद्रापासून दूर व थंड हवेत राहणाऱ्या यूरोपीय छांदिष्टांना मात्र त्याला यंत्रांची जोड द्यावी लागली. पेटर व्हिल्केन्स व इतरांच्या प्रयत्नांतून १९७० नंतर जिवंत खडक, प्रखर दिवे, जोरदार प्रवाह व प्रोटीन स्किमर यांची सांगड घालण्यात आली. प्रोटीन स्किमरमध्ये बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय मळ कुजण्यापूर्वीच वेगळा काढला जातो.

या यशाला दुसरी बाजूही आहे. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी बहुतेकांची पैदास मत्स्यशेतीत होते, तर समुद्री शोभिवंत माशांपैकी बहुसंख्य अजूनही प्रवाळभिंतींवरून पकडून आणावे लागतात. फिलिपीन्समध्ये १९६० नंतर मासे गुंगविण्यासाठी सायनाइडचा फवारा वापरण्यात येऊ लागला. त्यामुळे प्रवाळ व इतर प्राणी मरतात आणि पकडलेले मासेही पुष्कळदा पुढे दगावतात. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या करारान्वये नियंत्रण आहे. भारतात २००१ मध्ये प्रवाळ व समुद्रघोडे यांचा समावेश वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. त्यामुळे भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळ गोळा करून ते टाकीत ठेवणे हा गंभीर गुन्हा ठरतो.

भार व बैठक : १८० सेंमी. लांब, ६० सेंमी. रुंद व ६० सेंमी. उंच टाकीचे घनफळ सु. ६५० लि. असते. वाळू व दगड घातल्यावर तीत सु. ६०० लि. म्हणजे ६०० किग्रॅ. पाणी राहते. १२ मिमी. जाडीच्या काचेचे सु. १२० किग्रॅ., वाळू व दगड यांचे सु. १२० किग्रॅ. व बैठकीचे वजन धरून एकूण भार ९०० किग्रॅ.च्या आसपास जातो. खाली साठवण टाकी असल्यास तो एक टन ओलांडतो. हा सर्व भार जेमतेम एक चौ. मी. जागेवर पडतो. भारतीय मानक आय. एस. ८७५ (भाग २, १९८७) यानुसार राहत्या खोल्यांच्या जमिनीचा अभिकल्प दर चौ. मी.ला २ किलोन्यूटन म्हणजे सु. २०० किग्रॅ. चल भार धरून करतात. टाकीखालील जागेवर याच्या चौपटीहून अधिक भार येतो. मानकातील भार संपूर्ण खोलीवर पसरलेला धरलेला असल्याने केवळ या तुलनेवरून जमीन खचेलच असे म्हणता येत नाही. परंतु टाकी खोलीच्या मध्यभागी, सज्जात अथवा जुन्या लाकडी तक्तपोशीवर ठेवणे धोक्याचे असते. तळमजल्यावरील भक्कम जमीन सर्वांत सुरक्षित. वरच्या मजल्यावर भारवाही भिंतीलगत किंवा तुळईच्या वर जागा निवडतात व लाकडी तुळयांच्या इमारतीत टाकीची लांबी तुळयांना काटकोनात ठेवतात. ५०० लिटरांहून मोठी टाकी वरच्या मजल्यावर बसविण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट असते. हा भार रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तसाच राहतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

बैठक टाकीच्या संपूर्ण तळास आधार देणारी व पूर्णपणे समपातळीत हवी. एक कोपरा खाली गेल्यास काचेला पीळ पडून सांधा उकलतो. बिनचौकटीच्या टाकीखाली फोमचा पातळ थर घालतात, त्यामुळे वाळूच्या एखाद्या कणानेही तळाच्या काचेवर एकाच जागी ताण येत नाही. टाकी प्रथम पाणी भरून निदान काही दिवस तपासून मगच तीत दगड व वाळू घालणे योग्य ठरते.

पाणी, वीज व निगा : वरची टाकी व खालची साठवण टाकी यांत पंप व निचऱ्याचा नळ यांच्या साहाय्याने पाणी फिरत असेल, तर वीज गेल्यावर काय होईल याचा हिशेब आधीच करावा लागतो. वर दिलेल्या आकारमानाच्या टाकीची पातळी १ सेंमी. उतरली, तर सु. ११ लि. पाणी खाली येते. पंप थांबल्यावर पाणी निचऱ्याच्या काठापर्यंत ३ सेंमी. उतरत असेल, तर खालच्या टाकीत सु. ३३ लि. व शिवाय नळातील पाणी सामावेल इतकी जागा रिकामी हवी. पंपाच्या परतीच्या नळास पाण्याच्या पातळीलगत लहान छिद्र ठेवल्यास उलट्या वक्रनलिकेने टाकी रिकामी होत नाही. प्रवाह बंद पडला की प्रथम ऑक्सिजन घटतो व बंद गाळणीतील सूक्ष्मजंतूही गुदमरू लागतात. म्हणून विद्युत् घटावर चालणारा हवेचा पंप जवळ असणे मोठ्या टाकीस आवश्यक ठरते.

नव्या टाकीत नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया व त्यानंतर नायट्राइट यांची पातळी वाढते व मग उतरते. त्याआधी टाकी माशांनी भरल्यास ते बहुधा मरतात. पालिकेच्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व सूक्ष्मजंतू या दोहोंना घातक असल्याने ते काढून टाकावे लागते. नायट्रेट साठत जात असल्याने काही पाणी ठराविक दिवसांनी बदलावे लागते. मोठ्या टाकीतील पाण्याचे तापमान व रासायनिक घटक सावकाश बदलत असल्याने ती लहान टाकीहून अधिक स्थिर असते व चूक सुधारण्यास वेळ देते. परंतु तिचे १० टक्के पाणी बदलावयाचे म्हणजे साठ लिटर पाणी वाहून न्यावयाचे व तेवढेच आणावयाचे, हे काम कोण व कसे करणार याचा विचार जागेच्या निवडीबरोबरच करावा लागतो.

जबाबदारीचा कालावधी : सोनमासा चांगल्या निगेत वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, तर ‘ग्रॅनी’ हे समुद्रपुष्प माणसाच्या ताब्यात ५९ वर्षे जगले. अनेक मालकांचा उत्साह इतका काळ टिकत नाही. टाकी मोडल्यावर प्राणी नदीत, तलावात वा समुद्रात सोडून दिल्यास ते स्थानिक जीवसृष्टीस घातक ठरू शकतात. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील सिंहमासा फ्लॉरिडाजवळ १९८५ मध्ये प्रथम आढळला व पुढे पश्चिम अटलांटिक व कॅरिबियन समुद्रांत पसरला. जलजीवालयातून सोडलेले मासे हेच त्याचे संभाव्य उगमस्थान मानतात. दक्षिण अमेरिकेतील व ‘सकर’ नावाने विकला जाणारा चिलखती मार्जारमीन याच रीतीने भारतातील अनेक जलाशयांत शिरला असून मच्छीमारांची जाळी फाडणारा उपद्रवी मासा म्हणून तो ओळखला जातो. म्हणून मोठ्या टाकीची योजना करताना जागा, बैठक, पाणी व वीज यांच्याबरोबरच मालकाच्या गैरहजेरीत व त्याचा छंद संपल्यावर प्राण्यांना कोण सांभाळील, हेही आधीच ठरवून ठेवावे लागते.